माणूस गेल्यावर चाललेलं अपील

मालक गेले त्या वर्षी माझा आमच्या कुळदेवी कानबाईवरचा विश्वास उडाला होता. लग्न होऊन सोनगीरला आले तेव्हापासून श्रावणात तिचा नारळ मांडून पूजत होते. पण गल्लीतल्या मारामारीत एक माणूस मेला, शेजारी आमच्या मालकांची हातोडी सापडली, आणि धुळ्याच्या कोर्टाने त्यांना जन्मठेप दिली. ते तांब्याची भांडी घडवायचे. हातोडी दिवसभर ओट्यावरच पडलेली असायची, कोणीही उचलावी. हे कोर्टात नीट सांगणारंच कोणी आम्हाला मिळालं नाही.

हायकोर्टात वकील लावायची आमची ऐपत नव्हती. तुरुंगात त्यांना कोणीतरी सांगितलं, वकील नसेल तर सरकार देतं. त्यांनी अर्जावर सही केली आणि औरंगाबादला एक वकील नेमले गेले. मला काही भरवसा वाटला नाही. फुकटचा वकील कशाला कागद उघडून बघेल, असंच मनात यायचं. इकडे भाऊबंदही लांब गेले. श्रावणात जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "बठ्ठा भाऊबंदस्नी ठरायेल शे, यंदा रोटले तू येऊ नको." सगळ्या कुळाने मिळून खायच्या त्या रोटाच्या प्रसादालाही आम्ही नको झालो होतो. मी देवीपुढे रोज रडायचे, मालकांना सोडव म्हणायचे.

ते सुटले नाहीत. दोन वर्षांनी तुरुंगात कावीळ झाली आणि ते गेले. दिवस उरकून मी मुलीला घेऊन पिंपळनेरला माहेरी आले. कोणाशी बोलावंसं वाटेना. पडल्या पडल्या एकच विचार यायचा, जिने माझं एवढंही ऐकलं नाही तिचा नारळ घरात ठेवायचा कशाला? तापीत सोडून द्यायचा आणि हे सगळं संपवायचं, एवढ्यासाठी मी एकटी सोनगीरला परत आले.

नारळ पिशवीत घालून कुलूप लावत होते, तेवढ्यात पोस्टमन नाना सायकलवरून उतरले. "अक्का, तुमनं कार्ड शे. चार दिन व्हयनात, घर बंद व्हतं."

कार्ड त्या वकिलांचं होतं. आरोपी वारल्यामुळे अपील कायद्याने संपतं, पण जवळच्या माणसाने तीस दिवसांत अर्ज केला तर ते पुढे चालवता येतं, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली ओळ होती, 'मी कागद वाचले आहेत. ही शिक्षा टिकायला नको होती. फी लागणार नाही.'

मी पायरीवर बसून बोटं मोजली. मालक जाऊन अठ्ठाविसावा दिवस होता. नदीवर न जाता तशीच औरंगाबादच्या एसटीत बसले. पिशवी मांडीवरच होती.

वकील वयस्कर होते, बोलणं कोरडं. अर्ज पुढे ठेवून म्हणाले, "बाई, जिंकलो तरी माणूस परत येणार नाही. हे समजून सही करा."

"समजतंय," मी म्हटलं. "पण लोक मुलीला खुन्याची पोर म्हणतात, साहेब."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

निकाल यायला आणखी चार वर्षं गेली. कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. निकालाची प्रत टपालाने आली, ती इंग्रजीत होती. शाळेतल्या गुरुजींनी अर्थ सांगितला, तेव्हा निर्दोष सोडल्याची ओळ मी तीनदा वाचायला लावली. आनंद झाला असं म्हणणार नाही. ज्यांना ती ऐकवायची तेच नव्हते. त्या दिवशी मी चूलही पेटवली नाही.

कार्ड नेमकं मी कुलूप लावताना का हाती आलं, मला माहीत नाही. देवीवर रुसून आले नसते तर ते पोस्टातच पडून राहिलं असतं, एवढंच ठाऊक आहे. त्या वकिलांचा कागद मला रागाच्या वाटेनेच मिळाला, आणि त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तो नारळ अजून घरात आहे. देवीपुढे हात जोडते, पण आता काही मागत नाही. मागायचं होतं ते माणूस गेला तेव्हाच संपलं. एवढंच म्हणते, आई, माझ्या हातून जे निसटलं ते तुझ्या हातात असू दे.