धनवंताबाई इथे राहत नाहीत

इंग्लंडची पेन्शन घेणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे जी कोणी उभी राहते, ती धनवंताबाई सलामे नव्हे. मार्च लागला की धनवंताबाई उजाडायच्या आधी टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला जातात. पायांत चप्पल नसते, कारण चपलेखाली फूल चिरडलं तर कळत नाही. अंगावर इंग्लंडातून आणलेला राखाडी स्वेटर असतो, त्याच्या दोन्ही कोपरांना लुगड्याचं ठिगळ. वय एकाहत्तर. सालेकसा तालुक्यातलं आमचं पिंपळटोला जेमतेम साठ घरांचं. त्या साठ घरांत सरळ माणूस शोधायला निघालात, तर मी तुम्हाला त्यांच्या दारात नेऊन सोडीन. माझ्या दारात नेणार नाही.

मी चौतीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक रंगवले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची आणि होळीपर्यंत आमची कंपनी फिरत राहायची. कंपनीच्या वीस तोंडांचा स्वयंपाक एक तरुण विधवा करायची, ती ही धनवंता. तिसऱ्या अंकात माझी पत्र्याची तलवार सापडत नसली, तर तिने ती निखारे सारायला घेतलेली असायची. मी तशीच गरम तलवार उपसून रंगमंचावर जायचो आणि हाताला बसलेल्या चटक्याने जी किंकाळी निघायची, तिला टाळ्या पडायच्या. ते दिवस मी कोणत्याही पेन्शनीच्या बदल्यात देणार नाही. तशी मला पेन्शन नाही, म्हणून हे म्हणायला सोपं.

पुढे सालेकशाच्या दवाखान्यात नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी धनवंताला मुलं सांभाळायला ठेवलं आणि एकोणनव्वद साली ते कुटुंब इंग्लंडला, लीड्स नावाच्या शहरी गेलं तेव्हा तिलाही नेलं. मुलं मोठी झाली, तशी ती तिथल्या एका खाजगी वृद्धाश्रमात लागली. आधी कपडे धुणं, मग स्वयंपाकघर, शेवटी म्हाताऱ्यांना औषधं देणं. पंचवीस वर्षं. शेवटी दोन पेन्शनी लागल्या, एक तिथल्या सरकारची आणि एक वृद्धाश्रमाच्या कंपनीची. दोन्ही तिथल्याच बँकेत जमा होतात. लागतील तेवढे पैसे बाई इकडे मागवतात.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात त्या कायमच्या परत आल्या. गावाने अर्थातच विचारलं, "काऊन आली वं? तिकडं का कमी होतं?"

"तिकडं मी म्हाताऱ्याईले मरताना पाहलं," त्या म्हणाल्या. "खिडकीतून रस्ता पाहत मरत. मले इथं राहाचं हाय. मेल्यावर आनून ठेवाचं नाही, जित्तेपनी राहाचं हाय."

आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण गावाला ते समजलं नाही, आणि सर्वांत कमी समजलं ते त्यांच्या भावाच्या मुलाला, लखनला. लखन तेंदूपत्त्याच्या फळीवर मुनीम आहे, म्हणजे लोकांनी गोळा केलेल्या पानांचे पुडे मोजून घेतो आणि उरलेलं वर्ष मोठा माणूस असल्यासारखा वागतो. आत्या परत आल्यावर पहिल्याच मंडईला त्याने चौकात फलक लावला. त्यावर आत्याचा गॉगलमधला फोटो आणि खाली 'लंडन निवासी मा. धनवंताताई सलामे यांच्या शुभहस्ते'. गॉगल संगणकावर चढवलेला होता. लीड्स लंडनपासून कित्येक कोस लांब, ते राहू द्या. पण जी बाई त्याच्या घराला लागून असलेल्या घरात राहते आणि त्याच्याच हातपंपावर पाणी भरते, तिला या दिवट्याने पाहुणी करून टाकलं.

धनवंताबाईंनी फलक पाहिला आणि एवढंच विचारलं, "बाबू, हे बाई कोन होय?"

फलक फाटला. रोग राहिला. लखन त्यांना गोंदियाच्या बाजारात गुलाबचंदकडे घेऊन गेला. गुलाबचंद स्वतःला 'टॅक्स सलाहकार' म्हणवतो. त्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र आहे, तीन फोन आहेत आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या असतात. तो देवळाचा मान फी घेऊन घेतो. त्या पहिल्या दिवशी धनवंताबाई चपलांजवळच्या बाकावर बसल्या होत्या. आत गुलाबचंदने लखनला विचारलं, "बुआजी रहती कहाँ हैं?"

लखन म्हणाला, "लंडन."

झालं. फॉर्मवर 'अनिवासी'पुढे खूण पडली. बाई भिंतीच्या पलीकडे, पाच हातांवर बसलेली होती. तिला विचारायचं ना त्या सल्लागाराला सुचलं, ना भाच्याला. खेड्यातली म्हातारी, पायांत धूळ, तिला काय विचारायचं? पुढची पाच वर्षं दरवर्षी तीच खूण पडत गेली. जी अनिवासी आहे तिची परदेशातली पेन्शन इथे दाखवायची नसते, म्हणून ती दाखवली गेली नाही. आणि बाई इथे राहतात हे तिकडच्या कंपनीलाही कोणी कळवलं नाही, म्हणून ती कंपनी तिथला कर कापत राहिली. धनवंताबाईंना वाटलं, कापला म्हणजे भरला. गुलाबचंद फी घेई, पावती देई, आणि बाई ती पावती देवीच्या फोटोमागे ठेवीत.

दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात आयकर खात्याचा संदेश आला. परदेशी बँकेत तुमचं खातं आहे आणि परदेशातून उत्पन्न आहे अशी माहिती आमच्याकडे आली आहे, विवरणपत्र तपासा, चुकलं असेल तर महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा. हल्ली देश एकमेकांना असली माहिती कळवतात. हे मला त्या दिवशी कळलं. गुलाबचंदला आधीपासून कळायला हवं होतं, तेवढ्यासाठीच तो पैसे घेतो.

धनवंताबाई माझ्याकडे आल्या. "भाऊ, चाला माह्यासंगं गोंदियाले. तुमचा आवाज मोठा हाय."

मी खांद्यावर उपरणं टाकलं आणि निघालो. गाडीत लखन सारखा कुजबुजत होता, "आत्या, तू काही बोलू नको. धाड पडंल घरावर."

"पडू दे. माह्या घरात हाय तरी काय? मोहफूल नेतीन."

गुलाबचंदने यावेळी आम्हाला आत बसवलं, कारण मी चपला न काढताच सरळ आत शिरलो. कागद तयार होता, इंग्रजीत टाइप केलेला. तो लखनच्या पुढ्यात सरकवला.

"देखो भैया, घबराने का नहीं. बुआजी का पता लीड्स का डाल दिया है, वो डॉक्टरनी की बेटी का. बुआजी वहीं रहती हैं, यहाँ सिर्फ आना-जाना है. बस साइन."

मी म्हणालो, "आणि पासपोर्टावरचे ठप्पे? पाच वर्षांत एकदाही बाहेर गेल्याचा नाही."

"अरे दादा, कौन देखता है? ज्यादा हुआ तो छह महीना बेटी के पास भेज दो."

कौन देखता है! मी रंगमंचावर राज्यं बुडवली, भावांना विष दिलं, पण त्यातही बुद्धी लागायची. असला खलनायक लेखकाने लिहून आणला असता, तर आमच्या मालकाने पहिल्याच तालमीत त्याला पडदे ओढायला लावलं असतं.

धनवंताबाईंनी कागद लखनच्या हातून काढून घेतला, स्वेटरच्या खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागल्या. मोठ्याने. औषधाच्या बाटलीवरची सूचना कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला वाचून दाखवावी तशा, प्रत्येक शब्दावर थांबून, आणि अशा इंग्रजीत की गुलाबचंदचं तोंडातलं पान चघळायचं राहिलं. एका ठिकाणी त्यांनी पेन मागितलं आणि एक चुकलेला शब्द दुरुस्त करून दिला. मग सगळा कागद वाचून झाल्यावर आमच्या बोलीत म्हणाल्या, "याच्यात लिहलं हाय का धनवंता सलामे भारतात राहत नाही."

"हाँ माताजी, वो तो सिर्फ कागज पे."

"मंग मी कुठं राहतो? मी तं पाच वरसापासून पिंपळटोल्यात हावो. माहं घर हाय, माहे झाडं हायत. या कागदावर सही केली तं मी तिथं नाहीच. मंग कायले आली होती मी?"

"माताजी, टैक्स लगेगा! ब्याज लगेगा!"

"लागंल तं लागंल."

"आत्या," लखन उसळला, "लोकाईले लंडनची आत्या भेटत नाही, आन तू कागदावरून लंडन मिटवून रायली! एक सही कर, बापा, काय जाते तुहं?"

बाईंनी चष्मा खिशात ठेवला. "बाबू, तुले फलकावरची आत्या पायजे तं ते घेऊन जाय. मी बसनं येतो."

त्या उठल्या. मी माझं सगळ्यांत गाजलेलं हास्य, तिसऱ्या अंकातलं, गुलाबचंदला फुकट देऊन त्यांच्यामागे निघालो. आम्ही जिना उतरलो. तिथे बोलून झालं, पण पुढे काय करायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुरुस्तीला नऊ दिवस उरले होते. आणि सही न करणं म्हणजे जे काही निघेल ते बाईंनी एकटीने भरायचं.

आमगावात प्रेरणा बिसेन नावाची सनदी लेखापाल आहे, आम्ही तिच्याकडे गेलो. तिचं ऑफिस किराणा दुकानाच्या मागे, एक पंखा, एक मांजर. तिने लखनला शोधलं नाही, मला विचारलं नाही. सरळ बाईंनाच विचारलं, "आजी, तुम्ही कधी परत आलात? त्याआधी मधेमधे किती दिवस यायच्या?" आणि पासपोर्ट घेऊन बोटांवर दिवस मोजत बसली. अर्ध्या तासाने मान वर केली.

"आजी, तुम्ही इथल्याच रहिवासी आहात. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस झाले की झालं, तुमचे तर तीनशे पासष्ट आहेत. पण एक सांगते. इतकी वर्षं बाहेर राहून जो परततो, त्याच्या परदेशातल्या उत्पन्नाला पहिली दोन-तीन वर्षं कायदा स्वतःच सूट देतो. पेन्शन तिथल्या बँकेत जमा होत होती ना? मग त्या वर्षांना खोटं लिहायची गरजच नव्हती. खरं लिहिलं असतं तरी कर शून्य."

मी मांजराकडे बघत राहिलो. जे कायदा हातात देत होता, ते गुलाबचंद चोरून आणत होता आणि त्याची फी घेत होता! हुशारी म्हणून जी काही वस्तू आपल्या जिल्ह्यात विकली जाते, ती बहुतेक अशीच असते.

उरली शेवटची दोन वर्षं. त्यांचा कर भरायचा, व्याज भरायचं, जुन्या वर्षाला उशिराचा जादा आकारही भरायचा. आकडा ऐकून धनवंताबाईंनी पिशवीतून ठेवींच्या पावत्या काढल्या. मुदतीत ठेवलेली सगळ्यात मोठी ठेव मोडावी लागणार होती. ती त्यांनी घरावरची कौलं काढून पक्कं छत घालायला राखली होती, हे मला माहीत होतं.

"कवेलू चांगलेच हायत," त्या म्हणाल्या. "भर पोरी."

मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. पण त्यांना वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी फक्त फॉर्म स्वतः भरायला मागितला. 'निवासी' या शब्दापुढची खूण त्यांनी स्वतः केली, इतकी दाबून की ती खालच्या कागदावरही उमटली. पुढचं काम संगणकावर प्रेरणाने केलं.

गावात आठवडाभर चर्चा होती की लंडनवाल्या बाईची चोरी पकडली गेली. लखन तर महिनाभर तोंड लपवून होता, जणू त्याने स्वतः काही भरलं होतं. गुलाबचंदच्या दारात अजूनही चपलांची रांग असते. ज्यांना आपण कुठे राहतो हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं आहे, त्यांनी खुशाल जावं.

उन्हाळ्यात आयकर खात्याकडून बाई इथल्या रहिवासी असल्याचा दाखला मिळाला. तो दाखवला की तिकडची कंपनी आपला कर कापणं थांबवते आणि कापलेला परत मागता येतो. कागद पाठवून झाले, तरी कंपनीने फोनवर खात्री करायला सांगितलं. आमच्याकडे आवाज नीट येतो तो रेल्वे फाटकाजवळच. दुपारी दोन वाजता आम्ही तिथे उभे राहिलो. मालगाडी जाईपर्यंत बाईंनी फोनवरच्या मुलीला थांबवून ठेवलं, मग गावाचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, तालुका सांगितला, जिल्हा सांगितला. मला इंग्रजी जेमतेम कळतं. एका ठिकाणी त्या हसल्या, म्हणून फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"पुसत होती, तिथं तुमचा मुक्काम किती दिवस हाय."

"मग?"

"मी म्हनलं, मरेपावतर. ते म्हने, फॉर्मवर असं नाही, कायम का तात्पुरतं तेवढंच लिहता येते." बाईंनी फोन कमरेला खोचला आणि फाटक ओलांडायला लागल्या. "मी म्हनलं, लिही मंग कायम."