वकीलबाईंकडे माझ्याआधी गेलेला मी

आमचं गाव राजापूरकडे. तिथे दर वळणावर काही ना काही 'आहे' म्हणतात. मला आजवर फक्त डास चावलेत. म्हणजे मी असलं काही मानणाऱ्यांतला नाही. तरी हे लिहितोय, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

डोंबिवली एमआयडीसीतल्या प्लास्टिकच्या कंपनीने मला अचानक काढलं. ना नोटीस, ना चौकशी... गेटवर कार्डच चालेना. टिटवाळ्याला नुकतं घर घेतलेलं, मुलगी बालवाडीत. नोकरी परत मिळवायचीच होती. कल्याणला एका वकिलाकडे गेलो, तर तो घटस्फोटापासून जमिनीपर्यंत सगळंच करत होता. शेवटी कंपनीतला सावंत म्हणाला, "अरे, ठाण्याला कोपरीत एक वकीलबाई आहेत. फक्त कामगारांच्याच केसेस घेतात. तिकडे जा."

मंगळवारी जायचं ठरलं आणि मी तापाने फणफणलो. दिवसभर अंथरुणात, बायको वैशाली कपाळावर पट्ट्या ठेवत शेजारी. शुक्रवारी आम्ही दोघं गेलो.

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, पाच मिनिटांवर, तळमजल्याचं ऑफिस. सकाळचे अकरा. बाई साठीच्या. मला बघून म्हणाल्या, "या. आता बरं वाटतंय ना? मंगळवारी फार थकलेले दिसत होतात."

"मॅडम, मी पहिल्यांदाच येतोय," मी म्हटलं.

त्यांनी फाइल उघडली. वकीलपत्रावर माझी सही. माझ्या अपॉइंटमेंट लेटरची झेरॉक्स — आणि मूळ लेटर तर घरच्या कपाटातून मी त्याच सकाळी काढलेलं. सोबत बाईंच्या अक्षरात एक टिपण.

इथे एक कबूल करायला हवं. कागदावर मी सुपरवायझर. लग्न जमवताना तेच सांगितलेलं, वर 'हाताखाली बारा माणसं' ही माझ्या पदरची भर. प्रत्यक्षात मी मशीन चालवायचो. घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो आणि कंपनीत गेल्यावर बदलायचो. घरी कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशीही वैशालीसमोर मी बारा माणसंच सांगणार होतो.

टिपण वैशालीने माझ्याआधी वाचलं. 'हाताखाली कुणी नाही. आठ तास मशीनवर उभा. शर्ट कंपनीत बदलतो. बायकोला माहीत नाही.'

मी घाईघाईने टिपण पालथं घातलं. बाई मात्र खूश होत्या. "खरं सांगितलंत ते बरं केलंत. लेबर कोर्ट हुद्दा बघत नाही, काम बघतं. सुपरवायझर म्हणून रुबाब केला असतात, तर 'हा कामगारच नाही' म्हणत कंपनीच्या वकिलाने केस उडवायला घेतली असती."

"पण मॅडम, मंगळवारी हे घरी झोपलेले," वैशाली म्हणाली. "मी उठलेच नाही जवळून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला कोऱ्या कागदावर सही करायला लावली. तीच सही, खालची रेघसुद्धा तशीच, शेवटी वर गेलेली. आम्ही तिघंही त्या दोन सह्यांकडे बघत राहिलो. मग नवीन वकीलपत्र केलं, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचेना.

पुढे कंपनी समेटाला आली. आता मी परत त्याच मशीनवर आहे. सावंत शपथेवर सांगतो की त्याने कुणाला पाठवलं नाही, आणि शर्टाचं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी मस्करी केली म्हणावं, तर माझ्या पोटातलं त्याला कसं कळलं? मी तापात उठून गेलो म्हणावं, तर वैशाली शेजारी होती. मला आजही काही कळलेलं नाही.

त्या शुक्रवारी घरी आल्यावर वैशालीने चहा टाकला. मी म्हटलं, "लाज वाटायची गं, म्हणून नाही बोललो."

"मशीनचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मंगळवारी तुम्ही खरंच गेला असतात ना, तर बरं वाटलं असतं. निदान कुणाजवळ तरी तुम्ही स्वतः खरं बोलला असतात."