कुंपणाच्या अलीकडं बसलेली मेंढरं

तानुबाईला मिळालेली वागणूक आठवली की आजही माझं डोकं तापतं. आटपाडीकडची ही मेंढपाळ बाई दर दिवाळीनंतर कळप घेऊन आमच्या उंब्रजला येते. ऊस तुटला की आम्ही तिची मेंढरं रानात बसवून घेतो. आम्हाला लेंड्यांचं खत मिळतं, तिला धान्य.

माझ्या रानाला लागूनच इंग्रजी हायस्कूल आहे, म्हणे इंटरनॅशनल! गेल्या जूनमध्ये तानुबाईनं मुद्दाम गावाहून येऊन नातीला, प्रांजलला, आठवीसाठी तिथं नेलं. पोरगी प्रवेश परीक्षेत पहिली आली. मग मोठ्या मॅडमनी आजीशी इंग्रजीत बोलून बघितलं आणि तोंडावर सांगितलं, "घरचं वातावरण आमच्या शाळेला जुळत नाही."

यंदा त्याच मॅडम फाटकात तिची वाट बघत उभ्या! शाळेनं सेंद्रिय बाग केलीय, ती बघायला परदेशी पाहुणे येणार होते. "आजी, दोन दिवस मेंढ्या आमच्या बागेतल्या मोकळ्या जागेत बसवा, खत होईल. मुलांना तुमचं जीवनही बघता येईल."

तानुबाईनं हाळी देऊन सगळा कळप माझ्या रानात वळवला. मी धान्य काढायला निघालो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे सयाजीदादा, यंदा फुकट बसवती."

मॅडम कुंपणापाशी धावत आल्या. "आजी, आम्ही दुप्पट धान्य देतो!"

"आवं बाई," तानुबाई कडाडली, "माझ्या मेंढराची लेंडी चालती तुमच्या शाळंला, आन् माझी नात चालत न्हाई व्हय?"