आटे आणि आटा

माझ्या धाकट्या भावानं कुणाची तरी जुनी रेसची गाडी आणली. आमच्या शनवारा चौकाच्या गर्दीत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते, तिथं ही जमिनीला पोट घासत चालणारी लाल बया! दर गतिरोधकावर सस्पेन्शनचे नट ढिले व्हायचे आणि पुढचं चाक खटखटायला लागायचं. मला हसू यायचं, त्याला रडू. त्याची एकच हौस होती, बाबांना शेजारी बसवून असीरगडापर्यंत न्यायचं. बाबा कागद कारखान्यातले निवृत्त फिटर. ते म्हणायचे, "जो माझं एक ऐकत नाही, त्याच्या गाडीत मी बसणार नाही." तो ऐकत नाही, ही तक्रार त्याच्या दहावीपासूनची.

शेवटी भावानं निमूट कारखान्याच्या कॉलनीत बाबांना फोन लावला. पलीकडून बाबा ओरडले, "आधी आटे साफ कर. चांगले कोरडे कर. मग आट्यांना डिंक लाव अन् नट आवळ!"

बोल्टवरच्या गोल गोल खाचांना मराठीत आटे म्हणतात, हे हिंदी शाळेत शिकलेल्या आमच्या बंधूंना कुठून ठाऊक असणार? ते थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले. गव्हाचं पीठ चाळलं, तव्यावर भाजलं आणि लाडवांसाठी आणलेला माझा डिंक त्यात कालवला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ताई, बाबांनीच बोललं ना! कागज के कारखाने में आटे की लई ही तो लगती है!"

लई म्हणजे चिकटवायची खळ; कारखान्यात ती लागत असेलही. डिंकाचा राग मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही.

रविवारी बाबा आले. चाकाकडे मुंग्यांची रांग लागलेली, शेजारची गाय आत जीभ घालून उभी. गाईला हाकलून बाबा गाडीखाली आडवे झाले. एका नटाला बोट लावून त्यांनी वास घेतला.

"हे काय रे?"

"आटा. साफ करून लावला, बाबा."

"आणि हा खरपूस वास?"

"कोरडा करा बोलले होते ना. म्हणून भाजला."

बाबा बाहेर येईनात. मी घाबरून वाकले, तर त्यांचं पोट गदगदा हलत होतं. मग त्यांनी सगळी कणीक खरवडली, पिशवीतून नट धरून ठेवणाऱ्या डिंकाची नळी काढली, बोल्टना लावली आणि एकेक नट स्वतः आवळला. डिंक सुकेपर्यंत जेवणं झाली. हात पुसत ते मला म्हणाले, "माझ्या चपला दे."

"कुठं निघालात?" भावानं विचारलं.

"असीरगडला. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही भाजून," बाबा म्हणाले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.