दमलास का?

पालोक गिलाव्याचा गवंडी. श्कोदर शहरातल्या निम्म्या भिंतींवरून त्याची थापी फिरलेली. खांदा निकामी झाला तेव्हा त्याने काम सोडलं.

श्कोदरला माणूस भेटला की आधी विचारतात, "दमलास का?" उत्तर ठरलेलं : "नाही. तू?" उभं राहवत नसलं तरी हेच म्हणायचं. पालोकला ते पटायचं. ओला गिलावा भिंतीवर असताना दमून चालत नाही.

काम सुटलं, पण दिवसाचा साचा सुटला नाही. सकाळी जुना दोस्त हमदी याच्याबरोबर कॉफी, ठरलेल्या खुर्चीत. दुपारी झोप. संध्याकाळी जिरो, म्हणजे सगळं गाव एकाच रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं, वळतं, पुन्हा चालतं. मग घर. बायको, दिला, दार उघडताना विचारायची, "दमलास का?"

"नाही. तू?"

"नाही."

मग जेवण. मग काहीच नाही.

त्या वसंतात दिलाने माळ्यावरची बॅग खाली काढली. "शनिवारी शिरोकाला जाते, बहिणीकडे."

"किती दिवस?"

"बघू."

भांडण झालं नव्हतं. भांडण म्हणजे भेग, आणि भेग भरता येते. हे वेगळं होतं. भिंत वरून गुळगुळीत दिसते, पण बोटाने वाजवली की कळतं, गिलावा आतून सुटलाय. पालोक बॅगेकडे बघत राहिला. शिरोका तसं जवळच, तळ्याकाठी. पण त्या 'बघू'पासून परत येण्याचा रस्ता त्याला दिसेना.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वाटेवर नळासाठी खणून ठेवलं होतं. बाजूच्या गल्लीतून जाता आलं असतं. पण पाय उलट्या दिशेला, तळ्याकडे वळले आणि तो त्यांच्या मागे गेला.

तळ्यावर धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. पलीकडचे डोंगर नुकता चुना लावल्यासारखे फिके, ओले. एक होडी हवेतच थांबल्यासारखी दिसत होती. आपण चालतोय की कुणाच्या तरी झोपेत आहोत, असं पालोकला वाटलं. काठावर एक कोळी जाळं विणत बसला होता.

"दमलात का, उस्ता?" त्याने विचारलं. गवंड्याला तिथे उस्ताच म्हणतात.

"हो," पालोक म्हणाला.

शब्द तोंडातून निसटला होता. कोळ्याची सुई थांबली. या उत्तरापुढे काय म्हणायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मग… बसा की!"

पालोक पालथ्या होडीवर बसला. ऊन वर आलं, धुकं विरलं, डोंगर परत आपल्या जागी आले. खांदा दुखत होता. त्याने तो दुखू दिला.

संध्याकाळी जिरोत ओळखीच्या पहिल्याच माणसाला त्याने तेच उत्तर दिलं. बरोबर चालणाऱ्या हमदीने त्याला कोपराने ढोसलं. "येड्या, भलतंच काय बोलतोस? उद्या गावभर होईल, पालोक मरायला टेकला!"

"दमलोय, एवढंच सांगितलं."

"ते काय सांगायचं असतं?"

रस्त्याचं टोक आलं. हमदी हळूच म्हणाला, "गुडघा माझाही गेलाय रे." दोघं वळले नाहीत. टोकाला कट्टा होता, तिथे बसले.

घरी दिलाने दार उघडलं. "दमलास का?"

"हो."

"नाही," सवयीने म्हणत ती आत वळली आणि थबकली. "काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"दिवसभर केलंस काय एवढं?"

"काहीच नाही. त्यानेच दमलो. तू?"

ती ताटं मांडू लागली. पालोक उंबऱ्यातच उभा राहिला. "खरं सांग, दिला."

दिला खुर्चीवर बसली. "तुझ्या 'नाही'ने दमले. तुझा खांदा गेला ते मला हमदीच्या बायकोकडून कळलं. बाजारात, भाजी घेताना! मी घरात कशाला आहे मग, ताटं मांडायला?"

त्याने कोट काढला, सदऱ्याची बटणं सोडली आणि दुखरा खांदा तिच्यासमोर धरला. दिलाने आधी बोटांनी चाचपला. मग तळव्याने दाबला, जोरात.

"आई गं!"

"ओरड. आता ओरड."

ती चोळत होती आणि तो तळ्याचं सांगत होता : हवेतली होडी, चुन्यासारखे डोंगर. चुलीवरचं सूप आटून गेलं. कुणी उठलं नाही.

सकाळी तिने बहिणीला फोन केला. "शनिवारी येतेय. दोनच दिवस. पालोकपण आहे बरोबर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दिला हसली. "नाही गं, आजारी नाही. पण तळ्याकडे तोंड करून एक खुर्ची ठेव. पाठीची ठेव, स्टूल नको."