आत्याच्या हौदातलं पाणी

आमच्या घरात पाणी टाकायचं तर आत्याला विचारावं लागे. कुणी तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं, की ती चुलीपुढून विचारी, "कुठं टाकलंस? तिथं काय लावलंय?" वडिलांच्या कचेरीतले पाहुणे जेवून उठले, की त्यांनाही परसात नेऊन केळीच्या बुंध्याशी हात धुवायला लावी. पाहुणे हसत. आत्या हसत नसे.

ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्याकडे तुळजापूरला आली. घर भाड्याचं, माळवदाचं. विहीर सगळ्या गल्लीची, आणि उन्हाळ्यात तिच्यात घागर बुडेल एवढंही पाणी नसे. त्या पाण्यावर बाग कोण करू देणार? म्हणून आत्यानं वापरलेल्या पाण्यावर केली. मोरीपासून परसापर्यंत तिनं स्वतः चर खणला. डाळ-तांदळाचं धुवण कढीपत्त्याला जाई, अंघोळीचं पाणी केळीला, अळवाला आणि कडेच्या मोगऱ्याला. "पाण्याचं काम एकदाच असतंय व्हय?" असं ती आईला म्हणे.

आमच्या शेजारी पुजाऱ्यांचं घर होतं. त्या घरच्या माई सोवळ्याच्या कडक. आत्या आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मोगऱ्याची ओंजळ घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा माई म्हणाल्या, "राग मानू नका, पण मोरीच्या पाण्यावरची फुलं देवीला चालायची नाहीत." आत्यानं राग मानला नाही. परसात एक जुना दगडी हौद होता. माळवदाची पन्हाळ तिनं त्यात सोडली, वर फळ्या टाकल्या आणि हौदाशेजारी तांबडी जास्वंद लावली. तिला पावसाच्या पाण्याशिवाय दुसरा थेंब नाही. पुढं रोज सकाळी त्या जास्वंदीची फुलं माईंच्या घरी जाऊ लागली. त्या हौदाला घरात कुणी हात लावत नसे.

एका वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नाही. हौद निम्माच भरला आणि थंडी सरायच्या आत विहिरीचा गाळ वर यायला लागला. त्याच सुमारास माईंची मुलगी माहेरी बाळंत झाली. माई गढूळ पाणी फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळताना आत्याला भिंतीवरून दिसल्या. तिनं हौदावरच्या फळ्या काढल्या.

"माई, घागर घेऊन या."

"अहो, ते देवीच्या जास्वंदीचं पाणी."

"आधी लेकराला न्हाऊ घाला."

बाळंतिणीचा सव्वा महिना सरेपर्यंत हौद कोरडा पडला. जास्वंदीची पानं पिवळी पडली, गळली, मग फांद्या वाळल्या. ज्या दिवशी आत्यानं ते झाड उपटलं, त्या दिवशी ती जेवली नाही. आईनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणाली. संध्याकाळी माईंकडे जाऊन तिनं सांगितलं, की आता फुलं येणार नाहीत.

चैत्रात एका सकाळी माई ओलेत्यानं आमच्या परसात आल्या आणि परडीत मोगरा खुडू लागल्या. आत्या लगबगीनं पुढं झाली.

"माई, ती मोरीवरची आहेत."

"ठाऊक आहे मला," माई खुडता खुडता म्हणाल्या. "देवीला काय सांगायचं ते मी सांगेन."

वरच्या फांदीची फुलं माईंच्या हाताला येत नव्हती, ती फांदी आत्यानं खाली वाकवून धरली.

पुढं वडिलांची बदली औरंगाबादला झाली. सरकारी क्वार्टर, वरचा मजला, मोरीत नळ. आत्या पहिल्या दिवशी अंघोळ करून बाहेर आली ती चेहरा पाडूनच.

"हे पाणी जातं कुठं रे?" तिनं वडिलांना विचारलं.

"पाइपातून खाली, गटारात."

"आणि तिथून?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून आत्या जिना उतरली आणि पाइपाच्या, मग गटाराच्या कडेकडेनं चालत गेली. परतली तेव्हा तिचे पाय चिखलानं भरले होते.

"मागं बरीच मोकळी जागा आहे," एवढंच बोलून ती तांब्याभर पाणी घेऊन पाय धुवायला खाली त्या जागेकडं गेली.