न चाखलेली उसळ

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोन तिच्या भाचीचा. "काकू, आत्या गेली..." एवढं बोलून ती पोरगी रडायलाच लागली. मी तिला काय म्हणाले, आठवत नाही. फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिलं जे आलं ते लिहायची लाज वाटते. पण आता लिहायला बसलेच आहे, तर लाज धरून कसं चालेल? मनात आलं, सुटले! आता ती गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. वीस-बावीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, बापा! मग रडले, खूप रडले, पण आधी सुटले आणि मग रडले, हा क्रम काही आता बदलता येत नाही. त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून ताट वाढून घेतलं की कोणीतरी पाठीमागे येऊन उभं राहतं. "चाखलं का वं?" असं विचारतं. मी वळून बघत नाही. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी तिच्यावर लिहून मागितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं, ते यामुळे.

नागपूरला लागून आमची छोटीशी नगर परिषद आहे. तिच्या शाळांमधल्या दुपारच्या जेवणाची, म्हणजे पोषण आहाराची, निर्मलाताई पर्यवेक्षक होती आणि मी त्यातल्याच एका शाळेत मास्तरीण. ती भिवापूरची. घरची मिरचीची शेती, त्यामुळे पर्समध्ये लाल मिरचीची डबी कायम, आणि जीभ त्या मिरचीहून तिखट. पहिल्यांदा आमच्या शाळेत आली ती ऑफिसात न येता सरळ व्हरांड्यात पोट्ट्यांच्या पंगतीत जाऊन बसली. खिचडीचा घास घेतला, हळूच खाली ठेवला आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कधी खाल्लं का?" मी म्हटलं, मी डबा आणते. "हाव, डबा तर मीबी आणते," ती म्हणाली, "म्हणून तर हे असं हाये." मला असा राग आला! आठ दिवस मी तिच्या नावानं बोटं मोडत होते, आणि नवव्या दिवशी आम्ही दोघी एकाच डब्यात जेवत होतो. तिच्याशी भांडण फार दिवस टिकत नसे.

तेव्हा खिचडी दूरच्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीनं यायची. पहाटे शिजलेली, शाळेत पोचेपर्यंत गार आणि घट्ट. निर्मलाताईनं नगर परिषदेपुढे प्रस्ताव मांडला की जेवण शाळेतच शिजावं, वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांनी शिजवावं, भाजी अडत्याकडून न घेता जवळपासच्या शेतकऱ्यांच्या गटांकडून थेट घ्यावी, आणि नुसत्या भाताऐवजी ज्वारीची भाकर, अंबाडी, चवळी, मटकी असं आपल्या मातीतलं पोरांच्या ताटात पडावं. खोली, पाणी आणि गॅस नगर परिषदेनं द्यावा. प्रस्ताव शिक्षण समितीत आला, त्या दिवशी हिनं काय करावं? प्रत्येक सदस्यापुढे त्या गाडीतल्या खिचडीची एकेक प्लेट ठेवली. एकानं विचारलं, चहा कधी येणार? "चहा येते ना साहेब. आधी हे व्हऊ द्या." दोन घासांवर कोणी गेलं नाही. प्रस्ताव चार शाळांपुरता, प्रयोग म्हणून, मंजूर झाला. मी म्हटलं, ताई, मोठं धोरण आणलंस गं. ती वैतागली. "धोरण कायचं वं? पोराच्या ताटात आज काय पडलं, तेच धोरण. बाकी सारा कागद." त्यानंतर कितीतरी दिवस ती सकाळी सकाळी कळमन्याच्या बाजारात जाऊन भाव बघून यायची, म्हणजे शेतकऱ्याला आपल्याकडून कमी मिळू नये.

पहिली शाळा आमची. स्वयंपाकाला आली सिंधूबाई. हात असा चालायचा तिचा की बघत राहावं! भाकर थापताना बोलायची नाही, पण पोरं पंगतीला बसली की एकेकाला नावानं हाक मारून हातानं भाकर वाढायची. तिचा एकच नेम होता. पोरांच्या आधी ती अन्नाला तोंड लावत नसे. "लेकराईचं उष्टं कसं करू?" नैवेद्याच्या स्वयंपाकासारखंच ते, मीठ-मसाला सगळा वासावर. निर्मलाताईनं तिच्याशी वाद घालून पाहिला आणि शेवटी हात टेकले. मग तिनं तोड काढली की चव शिक्षकांनी घ्यायची. पोरं जेवायच्या अर्धा तास आधी, ज्याची पाळी असेल त्यानं बसून वाटीभर खायचं आणि नोंदवहीत लिहून सही करायची. "चिमूटभर जिभेवर ठेवून काय कळते? वाटीभर खा. तुमच्या पोटात दुखलं तर चालंन, त्यायच्या नाही." म्हणजे सिंधूबाई चाखणार नाही आणि तिच्या जागी आम्ही चाखणार. सगळा भरवसा आमच्यावर.

आता ते सांगते. माझ्या नवऱ्याच्या बायपासपासून मी संकष्टी चतुर्थी धरली होती, निर्जळी नाही पण कडक. चव घ्यायची पाळी आणि चतुर्थी एकाच दिवशी आली की मी दुसऱ्या मॅडमशी अदलाबदल करायची. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं की मी भांड्यात डोकावायची, आणि नोंदवहीत "चव चांगली" लिहून सही ठोकायची. एकदा केलं, दोनदा केलं, काही झालं नाही, मग सवयच झाली. त्या दिवशी जून संपत आला होता, पाऊस नव्हता, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. दुसऱ्या मॅडम मतदार यादीच्या कामावर. सिंधूबाईची जोडीदारीण लग्नाला गेलेली. सिंधूबाई पदराला नाक पुसत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आज जरा नीट चाखून पाहा बरं. मले सर्दी हाये, वास येऊनच नाही राहिला. मोड आलेली मटकी हाये." मी म्हटलं, हो हो. माझ्यापुढे तपासायच्या वह्यांचा ढीग होता. नोंदवही ओढली, लिहिलं, सही केली. चव चांगली.

उसळ आंबली होती. पोरांना आंबट लागली, पण त्यांना वाटलं लिंबू पिळलंय, आवडीनं खाल्ली. दुपारी तिसरी-चौथीच्या वर्गांतून उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. बहुतेक सगळी संध्याकाळपर्यंत घरी गेली, पण एका मुलीला सलाइन लावून दोन दिवस ठेवावं लागलं. तिची आई माझ्याकडे बघत होती, आणि मी भिंतीकडे. निर्मलाताई धावत आली. सगळ्या पोरांना भेटून झाल्यावर माझ्याजवळ आली आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. "सकाळपासून उपाशी असशीन, काही खा वं." आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "नको, चतुर्थी आहे माझी..."

बोलले आणि मलाच ऐकू आलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पुडा पर्समध्ये ठेवला, खाली गेली आणि दोन केळी घेऊन आली. तिनं सोलून दिली ती केळी आणि मी खाल्ली. आजही केळ्याची साल काढताना माझा हात थबकतो.

चौकशीत मला विचारलं, तुम्ही चव घेतली होती? मी म्हटलं, हो. नोंदवही पुढ्यातच होती. मग सरळच झालं सगळं. चाखलं तेव्हा अन्न चांगलं होतं, म्हणजे बिघडलं ते नंतर. वाढणारीच्या हाताची अस्वच्छता, असा निष्कर्ष निघाला, तिच्या पूर्ण नावानिशी. सिंधूबाई एवढंच म्हणत होती, "मी हात धुतले होते साहेब, साबणानं धुतले होते." तिच्या गटाचं काम गेलं. काही महिन्यांत बाकीच्या तीन शाळांतलंही बंद झालं आणि गार खिचडीची गाडी परत आली. निर्मलाताईला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच दाखले देत होती. मला कोणी काही केलं नाही. पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापिका झाले.

आणि आमची मैत्री सुरूच राहिली. हेच तर छळतं! ती शिव्या देती, माझं तोंड बघायचं सोडती, तर मी निवांत झोपले असते. पण ती यायची, जेवायची, माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवायची, डबीतली मिरची वर भुरभुरायची. माझी चतुर्थी मी पुढच्याच महिन्यात सोडली. का सोडली, असं घरच्या सगळ्यांनी विचारलं. तिनं नाही विचारलं. एकदाही नाही. आठ-नऊ वर्षं आम्ही दोघी त्या एका गोष्टीला वळसा घालून चालत होतो, आणि ती मध्येच असल्याचं दोघींना ठाऊक होतं.

शेवटची भेट रामदासपेठेतल्या दवाखान्यात. हाडं तेवढी राहिली होती, आणि नाकातून नळी. मी ठरवून गेले होते. खुर्ची ओढली, म्हटलं, ताई, त्या दिवशी मी... तिनं हात वर केला. आवाज फार खोल गेला होता, पण बोली तीच. "मले माहीत हाये. मले सांगून काय व्हते?" मी रडायला लागले. ती थांबून थांबून बोलली, "मास्तर लोक न चाखता सही करतात हे बाहेर आलं असतं... तर चारही शाळांतल्या चुली त्याच दिवशी बंद. मले वाटलं, एक सिंधू जाईन, बाकी राहतीन. म्हणून मी गप बसली." मग म्हणाली, "राहिल्या नाही वं. एकबी नाही राहिली. मी तिच्या घरी जात होती, पण माझ्या तोंडून निघे ना. तू सांग सिंधूले." मी हो म्हटलं. जसं त्या दिवशी सिंधूबाईला म्हटलं होतं, हो हो. त्यानंतर ती अकरा दिवस होती. मी गेले नाही सिंधूबाईकडे.

गेल्या आठवड्यात गेले. निर्मलाताईवर लिहायचंय, हे निमित्त. सिंधूबाई आता एका खानावळीला भाकऱ्या करून देते. मला ओळखलं, सतरंजी टाकली, ताईच्या आठवणीनं डोळे पुसले. "दर महिन्याले येत होती बाई. तिथं, चुलीजवळ बसे. चमचा घेतला तर रागवे. म्हणे, हातानं वाढ, तुझ्या हातानं वाढशीन तरच जेवीन." तिची तीन वर्षांची नात वाटी घेऊन आली. सिंधूबाईनं डब्यातून चमचा काढला आणि चमच्यानं वरणभात भरवू लागली. माझी नजर तिच्या लक्षात आली असावी. "हिले जन्मापासून माझ्या हातचा घास नाही दिला," ती म्हणाली. "खानावळीच्या भाकरी आगीतून निघतात. पण लेकराच्या तोंडात हात घालायची हिंमत नाही व्हत. तेव्हा त्यायनं लिहिलं ना, हाताचं. मी किती धुतले होते, पण राहिलं असंन काही."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चतुर्थी, वह्यांचा ढीग, सही, चौकशीतलं खोटं. ती ऐकत होती आणि चमचा तसाच हातात. मला वाटलं, ओरडेल. तिनं एकच विचारलं. "ताईले माहीत होतं?"

ताई ही एकच बाई होती सिंधूबाईच्या आयुष्यात, जी त्यानंतरही तिच्या दारी येऊन जेवली. नाही म्हणणं किती सोपं होतं... मेलेल्या माणसाची लाज राहिली असती, जितीचा आधार राहिला असता. पण खोटं बोलून मी एकदा पाहिलं होतं. मी म्हटलं, हो. माहीत होतं.

ती चुलीजवळच्या त्या जागेकडे बघत बसली. "म्हणून हातानं वाढ म्हणे," ती स्वतःशीच बोलली. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागे घेतले. "ते नका करू बाई. तुम्ही पेपरात लिहून राहिल्या ना? मंग हे लिहा. माझं नाव पुरं टाकून लिहा, तेव्हा कागदावर पुरं टाकलं होतं." मी विचारलं, आणि ताईचं? "तिचंबी लिहा. तिले माहीत होतं, लिहा. अन् दर महिन्याले येऊन माझ्या हातचं खात होती, तेबी लिहा. दोन्ही खरं हाये ना?" चहाचं तिनं विचारलं नाही. मी निघाले तेव्हा नात तिच्या मांडीवर होती, आणि चमचा अजून तिच्या हातातच होता.

म्हणून लिहिते. त्या दिवशी मी उसळ चाखली नव्हती. चाखली, असं मी चौकशीत खोटं सांगितलं. निर्मलाताईला ते माहीत होतं. सिंधूबाई गजानन शेंडे यांचे हात स्वच्छ होते.